आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन रोम: पाच दिवसांचं नियोजन कसं करावं

दुपारचा दीड वाजला होता. रोमन फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांतल्या, खडबडीत दगडी वाटेवर सासूबाई एका पडक्या खांबाच्या सावलीत मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी इथे बरी आहे." सकाळी साडेआठपासून आम्ही कलोसियम, मग पॅलाटाइन टेकडी, मग फोरम असं सलग चालत होतो. सात वर्षांचा मुलगा रडवेला झाला होता, बारा वर्षांची मुलगी गप्प होती, आणि सासरे बाटलीतलं शेवटचं पाणी सासूबाईंना देऊन स्वतः कोरडे राहिले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रस्त्यावर आम्हा सहाजणांपैकी कुणालाही काहीही बघायचं उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी यादी काढली आणि अर्धी खोडली. सकाळी एकच मोठं ठिकाण, दुपारी घरी येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर पायी भटकंती. उरलेले दिवस याच क्रमानं गेले आणि त्या दिवसांचा विषय घरात आजही निघतो. तुमच्यासोबत साठीच्या पुढची माणसं आणि दहाच्या आतली मुलं असतील, तर खालचं सगळं नियोजन याच एका गोष्टीभोवती आखा.

पहिलं काम: महिना ठरवणं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघता दोनच वेळा उरतात, मे महिना किंवा दिवाळी. मे उत्तम. दिवस मोठा असतो, ऊन असतं पण सोसवतं. जून संपता संपता रोम तापायला लागतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. दगडी चौकांत तो उन्हाळा आपल्या विदर्भातल्या माणसालाही जड जाईल, कारण सावलीला झाडं कमी आहेत. १५ ऑगस्टच्या आसपास तर स्थानिक लोकच शहर सोडून जातात आणि बरीच दुकानं बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, पण पाऊस येऊ शकतो आणि पाच वाजता अंधारून येतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तो एक तोटाच.

ईस्टरचा आठवडा टाळा. व्हॅटिकनमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते.

व्हिसा: चार महिने आधी हालचाल

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत करता येतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सगळा महाराष्ट्र एकाच वेळी रांगेत असतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

कागदपत्रांची चेकलिस्ट केंद्राच्या संकेतस्थळावर असते, ती छापून घ्या आणि माणशी एक वेगळी फाइल करा. आमच्याकडे अडलं ते सासऱ्यांच्या फाइलपाशी. निवृत्त माणसाला नोकरीचं पत्र नसतं, म्हणून पेन्शनचे कागद, ठेवींचे दाखले आणि "आई-वडिलांचा खर्च मी करणार आहे" असं मुलाचं पत्र आणि त्याचं बँक स्टेटमेंट जोडावं लागलं. मुलांचे जन्मदाखले लागतात. आई-वडिलांपैकी एकच सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. प्रवासविम्याचं वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. ज्येष्ठांचा विमा काढताना आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. रक्तदाब आणि मधुमेह बहुतेक घरांत असतातच.

तिकिटांची एक चूक, जी आम्ही केली

कलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि पटापट संपतात. कलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन मिळून साधं तिकीट १८ युरोंचं. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोफत, मग ती कुठल्याही देशाची असोत. पण त्यांच्या नावाचं शून्य रुपयांचं तिकीट काढावंच लागतं. तिकिटावर नाव असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात, म्हणून पासपोर्टावर जसं नाव आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा.

आम्ही घाईत एका भलत्याच संकेतस्थळावरून, दुप्पट पैसे मोजून, "रांगेविना प्रवेश" असं लिहिलेली तिकिटं घेतली. दारावर कळलं की ती फक्त फोरमची होती. कलोसियमची पुन्हा घ्यावी लागली. त्यामुळे इंटरनेटवर शोधताना वर येणारा पहिला दुवा अधिकृत असेलच असं नाही, पत्ता दोनदा तपासा.

आणखी एक. हे तिकीट पहिल्या प्रवेशापासून २४ तास चालतं. म्हणजे कलोसियम संध्याकाळी चारच्या सुमाराला आणि फोरम दुसऱ्या दिवशी सकाळी, असं विभागता येतं. हे आधी कळलं असतं तर सासूबाईंना दुपारी दीड वाजता त्या खांबाला टेकावं लागलं नसतं.

व्हॅटिकन म्युझियमची तिकिटंही घरूनच काढा, सकाळची सर्वांत लवकरची वेळ निवडा. रविवारी ती बंद असतात. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मोफत उघडी असतात आणि त्या दिवशी कुटुंबानं तिकडे फिरकूच नये. पँथियॉन या प्राचीन रोमन मंदिराला २०२३च्या जुलैपासून तिकीट आहे. बोर्गेसे या चित्र-शिल्पांच्या गॅलरीत दोन-दोन तासांच्या गटानंच सोडतात, तीही सोमवारी बंद.

राहायचं कुठे

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्या. आजी-आजोबा सोबत असतील तर हा मुद्दा वादाचा राहत नाही.

आम्ही प्राती भागात राहिलो. व्हॅटिकनच्या शेजारचा हा भाग सपाट आहे, फुटपाथ रुंद आहेत, मेट्रोची ए लाइन जवळ आहे आणि रात्री शांतता असते. त्रास्तेवेरे दिसायला फार सुंदर, पण गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत गडबड आणि पायाखाली सगळीकडे ते चौकोनी काळे दगड. त्यांना इथे सांपिएत्रीनी म्हणतात. त्यांच्यावरून चाकांची बॅग आणि गुडघेदुखीचं माणूस, दोघांनाही नेणं अवघड. मोंती भागात चढउतार आहेत. तेर्मिनी स्टेशनजवळ स्वस्त पडतं आणि सगळीकडे जायला सोयीचं आहे, पण रात्री तिथे आजीला घेऊन रमतगमत चालावंसं वाटत नाही.

घर ठरवण्याआधी मालकाला दोन प्रश्न लेखी विचारा. लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? जुन्या इमारतींत लिफ्ट असते पण ती अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, आणि इतकी चिमुकली असते की दोन माणसं आणि एक बॅग म्हणजे खच्चून भरली. शहराचा पर्यटन कर माणशी, रात्रीमागे, वेगळा द्यावा लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

एक गोष्ट सासूबाईंना पहिल्याच सकाळी आवडली. इटलीत घराच्या न्हाणीघरात कमोडशेजारी बिडे, म्हणजे पाण्यानं धुण्यासाठीचं नळाचं भांडं, बसवणं १९७५पासून सक्तीचं आहे. युरोपात पाण्याविना कसं व्हायचं ही त्यांची मुंबईपासूनची काळजी तिथल्या तिथे मिटली.

बॅगेत काय भरायचं, काय नाही

बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, दूध पावडर घातलेलं चहाचं प्रीमिक्सही नको. ताजी फळं-भाज्याही सरकारी आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढाच अपवाद. मे महिन्यात निघताना हापूसच्या चार फोडी डब्यात टाकायचा मोह होतो, तो आवरा. कढीपत्त्याची जुडीही घरीच ठेवा.

चालतं ते हे: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातला चिवडा, चकल्या, मूगडाळ, गोडा मसाला, चहा पावडर आणि चहाचा मसाला. तुपाचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून बिनमिठाच्या लोण्याच्या दोन वड्या आणल्या, मंद आचेवर कढवल्या, आणि प्रातीतल्या त्या घरात तुपाचा वास दरवळला. तिथला रिसोत्तोचा तांदूळ जाड आणि चिकट. त्याचा जरा पाणी जास्त घालून केलेला आसट भात, वर मेतकूट आणि हे तूप, हे आमचं दुपारचं जेवण होतं. मुलगा दोन वेळा घ्यायचा.

आपल्या फोनच्या चार्जरच्या पातळ दोन पिना तिथे बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर घ्या. सगळ्यांच्या बुटांवर पैसे खर्च करा आणि ते महिनाभर आधी वापरून मऊ करा. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. जाड मंगळसूत्र आणि पाटल्या घरी ठेवलेल्या बऱ्या.

विमानतळावरून घरी

मुख्य विमानतळ फ्युमिचिनो. युरोपच्या सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे रांगेला वेळ लागतो. मुलांना आधी खायला द्या. चालताना त्रास होणाऱ्यांसाठी विमान कंपनीकडे तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात संकोच नको.

तेर्मिनी स्टेशनला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो घेते आणि ३२ मिनिटांत पोचवते. पण सहाजण आणि सहा बॅगा असतील तर टॅक्सीचा हिशेब करा. विमानतळापासून जुन्या तटबंदीच्या आतल्या भागापर्यंत पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला असतो. तो गाडीचा असतो, माणशी नाही, आणि फलकावर लिहिलेला असतो. बाहेर येताच "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्यांकडे न बघता सरळ रांगेत उभं राहा.

मे महिन्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आजोबांची रोजची साडेपाचची जाग म्हणजे तिथले पहाटेचे दोन. पहिले काही दिवस सगळं घर चारला टक्क जागं होतं. याचा आम्ही फायदा करून घेतला, तो पुढे सांगते.

दिवस कसे लावायचे

पहिल्या दिवशी तिकिटाचं काही ठेवू नका. संध्याकाळी नावोना चौक आणि तिथून दहा मिनिटांवरचं पँथियॉन. आत जायचं दुसऱ्या दिवसावर ढकललं तरी चालेल, पण जा नक्की. हेड्रियन बादशहाच्या काळातला तो घुमट ४३ मीटरच्या वर रुंद आहे आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच. आत लोखंडाची एक सळई नाही. माथ्यावर नऊ मीटरच्या आसपासचं गोल भोक उघडं आहे. आम्ही आत असताना पावसाची एक सर आली. वरून पाण्याचा झिरझिरीत पडदा सरळ खाली आला, आणि मुलगी जमिनीवर बसून पाणी कुठे जातं ते शोधायला लागली. फरशीला मधोमध बारीक भोकं आहेत, तिथून ते निघून जातं. आम्ही पाऊण तास तिथे होतो आणि कुणीच "चला" म्हणालं नाही.

दुसरा दिवस कलोसियमचा. व्हेस्पासियन बादशहानं सुरू केलेली ही रंगभूमी त्याचा मुलगा टायटसनं इसवी सन ८०मध्ये खुली केली. आत लिफ्ट आहे, ज्येष्ठांसाठी विचारा. मोठी सॅक आत सोडत नाहीत. फोरम त्याच सकाळी आणि कलोसियम दुपारच्या झोपेनंतर चारला, आणि फोरम ज्यांना चालवतं त्यांनीच. मुलांना जाण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमन काळातली, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि जुन्या ग्रीक व्यापारी वर्णनात आपलं कल्याण, सोपारा, पैठण ही नावं आहेत. फोरमच्या बाजाराच्या अवशेषांत उभं राहून "आपल्याकडचा माल इथे यायचा" म्हटल्यावर मुलगा पहिल्यांदाच आपण होऊन प्रश्न विचारायला लागला. जमलं तर निघण्याआधी कोल्हापूरची चक्कर मारून या.

तिसरा दिवस व्हॅटिकन म्युझियम. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचेही. साडीला काही अडचण नाही. बिनबाह्यांचा ब्लाउज असेल तर पदर दोन्ही खांद्यांवर घेतला की झालं. आत सगळं बघायचं मनात आणू नका. नकाशांचं दालन, राफाएलच्या खोल्या, मग सिस्टीन चॅपल. नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे आणि छत सोन्यानं मढल्यासारखं. सिस्टीनमध्ये भिंतीकडेनं बाक आहेत, वयस्कर माणसांना आधी तिथे बसवा. छत मायकेलँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं. समोरच्या भिंतीवरचं 'अंतिम न्याय' हे चित्र त्यानं वीसेक वर्षांनंतर हाती घेतला. फोटो काढायला आणि बोलायला मनाई आहे, म्हणून कुठे काय आहे ते मुलांना आदल्या रात्री पुस्तकात दाखवा.

सेंट पीटर बॅसिलिका त्याच दिवशी जोडू नका. ती पाचव्या सकाळी सातला, उघडल्या उघडल्या. प्रवेश मोफत, पण तपासणीची रांग नऊनंतर अख्ख्या चौकाला वळसा घालते. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तो दिवस सोडा. आत शिरल्याबरोबर उजवीकडे काचेमागे मायकेलँजेलोची पिएता, म्हणजे मांडीवर मृत येशू घेतलेल्या मेरीचं शिल्प, आहे. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि शेवटी जिना घुमटासोबत वाकडा होत जातो. मुलगी आणि नवरा चढले, बाकीचे चौकातल्या खांबांच्या सावलीत बसलो.

चौथ्या पहाटे त्रेवीचं कारंजं. हा तो लवकर जाग येण्याचा फायदा. सहा वाजता तिथे झाडूवाले, चार-दोन माणसं आणि पाण्याचा आवाज, एवढंच. दहा वाजता तिथे खांद्याला खांदा लागतो. या कारंज्याचं पाणी येतं ती वाहिनी इसवी सनापूर्वी १९मधली. सासऱ्यांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात काम केलं, त्यांना तिथून हलवणं कठीण गेलं. पुढे स्पॅनिश पायऱ्या. त्यांच्यावर बसायला बंदी आहे, दंड होतो, आजींना आधीच सांगा. मग बोर्गेसे बागेत चारचाकी पायडलची गाडी भाड्यानं घेऊन मुलांना मोकळं सोडा.

पाचव्या दिवशी सेंट पीटरनंतरचा वेळ मोकळा ठेवा. मुलांसाठी दोन ठिकाणं सुचवते. लार्गो अर्जेंतिनाच्या अवशेषांत मांजरांचं आश्रयस्थान आहे. ज्युलियस सीझरचा खून झाला तीही हीच जागा. आणि जानिकोलो टेकडीवर रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तोफ उडवतात. कान झाकून घ्या, आवाज खरा असतो.

शहरात फिरणं आणि खिसा सांभाळणं

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं चालतं. त्यात मेट्रोचा एकच प्रवास होतो. 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानांत मिळतं. दहा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांसोबत मोफत. बसमध्ये चढल्या चढल्या यंत्रात तिकीट छापून घ्या. खिशात कोरं तिकीट असलं तरी दंड होतो. बँकेचं कार्डही टेकवता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस.

व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए लाइन पाकीटमारांसाठी बदनाम आहे. बॅग पोटावर. मुलांना मध्ये घ्या. तेर्मिनीच्या तिकीट यंत्रापाशी मदतीला धावणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. कुणी मनगटाला दोरा बांधू लागला किंवा हातात गुलाब दिला, तर हात मागे घ्या, नंतर पैसे मागतात. आणीबाणीचा फोन ११२.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी बुटके नळ अखंड वाहत असतात, शहरभर अडीच हजारांच्या आसपास. त्यांना नाझोने म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचा. १८७४पासूनची ही सोय आहे आणि पाणी गार, पिण्याचं. नळाच्या तोंडावर खालून बोट दाबलं की वरच्या बारक्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून पितात. हे मुलाला एका इटालियन आजोबांनी खुणेनं शिकवलं. त्यानंतर तो प्रत्येक नळापाशी थांबायचा.

शाकाहारी माणसांनी काय बघावं

पिझ्झा मारिनारावर चीजही नसतं. मार्गारिता सगळ्यांना माहीत आहे. काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिऱ्याची पास्ता. पण पेकोरीनो चीज जनावराच्या जठरातलं विरजण वापरून करतात, कडक शाकाहारी असाल तर हे लक्षात असू द्या. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्हींत डुकराचं मांस असतं. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की आपला हात आपोआप पुढे जातो, पण आत बहुधा खारवलेला छोटा मासा असतो, विचारूनच घ्या. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे, त्यातही बरेचदा खिमा असतो.

ज्यू वस्तीतलं तळलेलं आर्टिचोक मात्र डोळे मिटून मागवा. अख्खं फूल उमलवून तेलात तळतात. बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत, आतला गाभा लुसलुशीत. सासूबाईंनी एक संपवून दुसरं मागवलं. "कार्ने" म्हणजे मांस, "पेशे" म्हणजे मासे, "सेंत्सा" म्हणजे शिवाय. हे तीन शब्द आणि सोबत हाताची खूण, एवढ्यावर काम होतं.

बरीच रेस्टॉरंटं दुपारी तीननंतर बंद होतात आणि साडेसातच्या आधी उघडत नाहीत. मुलांना सहाला भूक लागते, तेव्हा वजनावर मिळणारा पिझ्झ्याचा तुकडा घ्या. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. तरी आजी-आजोबांसाठी बसाच, त्या पैशांत स्वच्छतागृहही वापरता येतं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि डाळ हवी असेल तर तेर्मिनीजवळच्या एस्क्विलीनो मंडईत जा. आम्ही तिथून कोथिंबिरीची जुडी आणि पाव किलो भेंडी आणली, आणि शेवटच्या रात्री घरात परतलेली भेंडी, वरण आणि तो चिकट भात झाला.